तात्पर्याच्या आधीचे पान

सोलापूरहून पुण्याकडे जाणारा महामार्ग शहर मागे टाकतो आणि थोड्याच वेळात चिंचोळी एमआयडीसीचे फाटे दिसू लागतात. कारखान्यांच्या कुंपणभिंती, वजनकाटे, ट्रकांच्या रांगा, चहाच्या टपऱ्या, आणि या साऱ्यांच्या कडेकडेने कामगारांच्या खोल्या. या परिसरात वाढणाऱ्या, अजून अक्षरओळख न झालेल्या मुलाच्या वाट्याला पहिले सचित्र वाङ्मय कोणते येत असेल, असा प्रश्न आम्हांस पडला आणि त्यातून हा लेख सुचला. उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. विजेच्या डीपीवर कवटी आणि दोन आडवी हाडे रंगवलेली असतात. कारखान्याच्या दारावर पेटत्या काडीवर मारलेली तांबडी फुली असते. टँकरच्या पाठीवर ज्वाळेचे चित्र असलेला चौकोन असतो. ही चित्रे मुलाला वाचता येतात. त्यांचे व्याकरणही सोपे आहे: अमुक केलेस तर तमुक होईल. एका चित्रात कृती, दुसऱ्यात परिणाम. आणि कवटीच्या पाटीवर तर कृतीही गाळलेली, उरतो तो केवळ परिणाम.

या पाट्यांविषयी आमची तक्रार नाही. डीपीजवळ विचारविनिमयाला वाव नसतो. तिथे हुकूमच हवा. प्रश्न असा, की लहान मुलांसाठी आपण जे वाङ्मय रचले, तेही बराच काळ याच पाटीच्या व्याकरणाने का चालले? 'असे केले म्हणून असे झाले' हे सांगण्याची आपल्याला जितकी घाई होती, तितकी 'आता काय करावे' या प्रश्नापाशी मुलाला थांबू देण्याची का नव्हती? मराठी बालवाङ्मयाचा इतिहास या प्रश्नाच्या उजेडात थोडा वेगळा दिसतो. साहित्याच्या अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना तो तसा पाहून लाभच होईल, असे आम्हांस वाटते.

मराठीतील छापील बालवाङ्मयाचा आरंभच मुळी नीतिकथेने झाला. तंजावरास सरफोजीराजांच्या आश्रयाने इसापच्या कथांचे मराठी रूपांतर 'बालबोध मुक्तावली' या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिद्ध झाले. पुढे मुंबईत एल्फिन्स्टनच्या काळात, १८२२ साली, शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली आणि मराठी पाठ्यपुस्तकांचा कारखाना सुरू झाला. 'पंचोपाख्यान' त्याच वर्षीचे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' आणि 'इसापनीतिकथा' ही दोन्ही पुस्तके १८२८ची. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३० साली, त्यांचीच 'वेताळपंचविशी' आली. एकाच लेखकाची, दोन वर्षांच्या अंतरातील ही तीन पुस्तके शेजारी शेजारी ठेवली, की मुलाला निवड आणि परिणाम शिकविण्याच्या तीन निराळ्या रीती समोर येतात.

पहिली रीत इसापनीतीची. कथा चार ओळींची, पात्रे प्राणी, आणि शेवटी 'तात्पर्य'. हा शब्द मराठी शाळेत इतका रुळला, की गोष्ट म्हणजे तात्पर्याच्या आधी येणारा मजकूर अशीच आपली समजूत झाली. वर्गात गोष्ट संपता संपता मास्तर विचारीत, "मग या गोष्टीचे तात्पर्य काय?" आणि मुले ते एका सुरात म्हणत. गोष्टीतल्या कोल्ह्याने दुसरे काही केले असते तर काय झाले असते, हा प्रश्न कोणी विचारत नसे. विचारला तर तो विषयांतर ठरे. तात्पर्य हे एका अर्थी गोष्टीचे कुलूप आहे. ते लागले की आतल्या शक्यता आतच राहतात.

या कुलपाविषयी पहिली खणखणीत शंका फ्रान्समध्ये रूसोने 'एमिल' या १७६२च्या ग्रंथात घेतली होती. ला फाँतेनच्या पद्यकथा तिथे मुलांकडून पाठ करून घेतल्या जात. रूसोचे म्हणणे असे, की कावळा आणि कोल्हा यांच्या गोष्टीत मूल फसलेल्या कावळ्याच्या जागी स्वतःला मुळीच ठेवत नाही. ते खुशाल कोल्ह्याच्या बाजूचे होते. नाकतोडा आणि मुंगी यांच्या गोष्टीत मूल मुंगीची बाजू घेते, आणि उद्योगीपणाबरोबरच दारी आलेल्याला टोमणा मारून परत पाठविण्याचा निर्दयपणाही शिकते. म्हणजे तात्पर्य एक आणि मुलाने काढलेला अर्थ दुसराच. रूसोचा उपाय, लहान मुलांना अशा कथा शिकवूच नयेत, हा आम्हांस टोकाचा वाटतो. परंतु त्याने दाखविलेली फट खरी आहे. मूल गोष्ट ऐकताना निवड करीतच असते, म्हणजे कोणाच्या बाजूचे व्हायचे हे ठरवत असते; आणि ती निवड तात्पर्याच्या ओळीला विचारून केलेली नसते.

दुसरी रीत 'बाळमित्रा'ची. त्याचे मूळ बर्कँ या फ्रेंच लेखकाच्या, १७८०च्या दशकात निघालेल्या मुलांच्या मासिकातले. ते इंग्रजीच्या वाटेने छत्र्यांपर्यंत आले. येथे प्राणी जाऊन मुले आली. साधी घरातली, खोडकर, आळशी, उदार, हट्टी मुले. चूक करणारे मूल आणि ती गोष्ट वाचणारे मूल यांच्यात आता लांडग्याचे कातडे उरले नाही. याच घराण्यातली इंग्रजी वाङ्मयातली एक नमुनेदार गोष्ट मराया एजवर्थची, १७९६ साली 'पेरंट्स असिस्टंट' या संग्रहात आलेली. रोझामंड नावाच्या मुलीचे बूट फाटले आहेत. औषधविक्याच्या खिडकीत एक जांभळी बरणी तिला दिसते आणि ती मोहात पडते. आई म्हणते, दोहोंपैकी एक घे, तूच ठरव. मुलगी बरणी घेते. घरी आल्यावर कळते, की काच साधीच होती. जांभळा रंग आतल्या घाणेरड्या पाण्याचा होता. मग महिनाभर फाटके बूट, आणि त्या बुटांपायी एका सहलीला मुकणे.

निवड आणि परिणाम यांचा इतका शुद्ध नमुना क्वचितच सापडेल. आई रागावत नाही, शिक्षा करीत नाही. जे व्हायचे ते होऊ देते. तरीही आज ही गोष्ट वाचताना दोन ठिकाणी अडखळायला होते. बरणीत काय आहे हे आईला ठाऊक होते आणि तिने ते सांगितले नाही. मग ही निवड मोकळी की सापळा? आणि दुसरे असे, की ही परीक्षा ज्या मुलीला द्यायची आहे तिच्या घरात निदान बूट आणि बरणी यांतले एक विकत घेण्याइतका पैसा आहे. ज्या घरात यांतले काहीच घेता येत नाही, त्या घरातल्या मुलाला या गोष्टीने काय सांगावे? हा दुसरा प्रश्न आपण सोलापुरापर्यंत जपून नेऊ.

तिसऱ्या रीतीकडे वळण्याआधी चित्रांचा विचार करणे अवश्य आहे. परिणामांचे चित्र काढून मुलाला दाखविण्याचा सर्वांत गाजलेला युरोपीय प्रयोग फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमान यांनी केला. आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी बाजारात मनाजोगते पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच वही भरली. ती १८४५ साली 'श्ट्रुवेलपेटर' म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या रूपाने छापली गेली. काड्यापेटीशी खेळणारी मुलगी जळून तिच्या राखेपाशी बूट तेवढे उरतात. अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी कात्रीने छाटतो. चित्रे अशी, की विसरू म्हटले तरी विसरता येऊ नयेत. ही थट्टा आहे की दहशत, याचा वाद अजून मिटलेला नाही. आमच्या मते त्यातली अतिशयोक्तीच त्या पुस्तकाला वाचविते: परिणाम इतका अवाढव्य होतो, की मूल भिते आणि हसतेही. डीपीवरच्या कवटीला हसता येत नाही, हा दोहोंतला फरक.

आपल्याकडे परिणामांची चित्रे याहून जुनी आहेत. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्रपत्र श्रोत्यांसमोर धरून रामायण-महाभारतातील कथा गात आले. त्या परंपरेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेकांना ही कला प्रथम कळली. चित्रकथीचे चित्र हे सांगणाऱ्याच्या हातातले चित्र असते. पुढचे पत्र केव्हा काढायचे हे तो ठरवतो, आणि त्या मधल्या क्षणात श्रोता अडकून राहतो. पान उलटण्याची किमया आपल्याला अपरिचित नव्हती, एवढेच येथे नोंदवायचे. दुसरा नमुना मोक्षपटाचा. परंपरेने ज्ञानदेवांशी जोडलेला हा पट म्हणजे सापशिडीचा पूर्वज. त्याच्या घरांत सद्गुण आणि दुर्गुण मांडलेले. सद्गुणापाशी शिडी, दुर्गुणापाशी साप. नीतीचे याहून देखणे चित्र मिळणे कठीण. पण खेळणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते: सापाच्या घरात जायचे की नाही, हे खेळणारा ठरवीत नाही. ते कवड्या ठरवतात. पटावर परिणाम आहेत, निवड नाही. प्राक्तनाचा अनुभव म्हणून तो खेळ सच्चा आहे. विवेकाचे शिक्षण म्हणून अपुरा.

आता तिसरी रीत, वेताळाची. राजा विक्रम प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चालला आहे. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो, आणि गोष्ट अशा जागी आणून सोडतो की शेवटी निवाडा राजाने करावा. यांतला खरा उदार कोण? खरा अपराधी कोण? उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोके फुटेल. आणि बोललास तर मी परत झाडावर. म्हणजे येथे तात्पर्याच्या जागी प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नाला उत्तर देण्यालाही परिणाम आहे. 'चांदोबा'ची मराठी आवृत्ती १९५२पासून निघू लागली आणि तिच्यातील विक्रम-वेताळाच्या चित्रासह हा साचा मराठी घराघरांत पोहोचला. ज्यांनी तो लहानपणी वाचला, त्यांना आठवत असेल, की राजाचे उत्तर वाचण्याआधी आपण क्षणभर थांबत असू आणि आपले उत्तर मनाशी ठरवीत असू. तो क्षण हेच खरे शिक्षण होते. आणखी एक गंमत अशी, की वेताळाच्या अखेरच्या कोड्याला राजापाशी उत्तर नसते. तो खरोखरच गप्प राहतो, आणि त्या मौनामुळेच सुटतो. उत्तर ठाऊक नसताना ते ठोकून न देणे हीदेखील एक निवड आहे, हे मराठी मुलाला सांगणारी ही जुनी कथा. तिचे शाळेतले स्थान मात्र इसापनीतीच्या फार खाली राहिले.

येथे सोलापूर येते. सोलापूरच्या कापडगिरण्यांना १८७०च्या दशकात आरंभ झाला आणि शहर मजुरांचे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी या शहरात लहान मुलांच्या बाबतीत दोन परस्परविरुद्ध गोष्टी घडत होत्या. एकीकडे अमेरिकन मराठी मिशनच्या मेरी हार्डिंग यांनी फ्रोबेलच्या पद्धतीची बालशाळा चालविली: गाणी, खेळ, हाताने करावयाच्या वस्तू, चित्रे. दुसरीकडे याच शहरात तथाकथित गुन्हेगार जमातींची वसाहत उभी राहिली. १८७१च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या. १९११च्या कायद्याने तो अंमल मुंबई इलाख्यापर्यंत आणला आणि मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारशाळांत ठेवण्याचे अधिकारही सरकारला दिले. सोलापूरच्या वसाहतीतली माणसे गिरण्यांत कामाला जात आणि हजेरी देऊन तारेच्या कुंपणाआड परतत. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. त्या भागाला सोलापूरकर आजही 'सेटलमेंट' म्हणतात.

त्या कुंपणाआड वाढणाऱ्या मुलाला 'करावे तसे भरावे' हे तात्पर्य सांगितले, तर त्याचा अर्थ काय होतो? त्याने काहीच केलेले नाही, आणि तो भरतो आहे. परिणाम आधी आला, कृती नंतर शोधली जाईल. मोक्षपटावरच्या कवड्यांपेक्षाही ही गोष्ट क्रूर, कारण कवडी निदान सर्वांना सारखी पडते. नीतिकथा ज्या जगाचे वर्णन करते, त्यात प्रत्येकाच्या हाती निवड असते आणि परिणाम त्या निवडीच्या मापाचा असतो. हे जग ज्यांना मिळालेले नाही, त्यांच्या कानी नीतिकथा पडते तेव्हा ती उपदेश राहत नाही. ती आरोप होते. पुढे मराठीत 'उपरा' (१९८०) आणि 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने आली, तेव्हा सुशिक्षित मराठी वाचक हादरला. तो हादरण्याचे एक कारण हे, की लहानपणापासून पाठ केलेल्या तात्पर्यांचा हिशेब या पुस्तकांत कुठेच जुळत नव्हता.

याच काळात मुलाला निवड देण्याचा विचार मराठीत आला, तोही गुजरातीच्या सोबतीने. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरास बालमंदिर सुरू केले. १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरीच्या पद्धतीत मुलाने आपले काम आपण निवडायचे असते. शिक्षिकेने आड यायचे नसते. गिजुभाईंनी मात्र माँटेसरीच्या पुढे जाऊन गोष्टीला बालशिक्षणात मानाची जागा दिली, आणि गोष्ट सांगावयाची ती आधी आनंदासाठी, हा आग्रह आपल्या 'वार्तानुं शास्त्र' या ग्रंथात धरला. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीस, आणि पुढे १९५७पासून अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर, हे शिक्षण आदिवासी मुलांपर्यंत नेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरील अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द सरकारी योजनेने १९७५ साली देशभर पोहोचविला. त्यामागची कल्पना या अंगणातली आहे. सेटलमेंटच्या विचाराशी तिची तुलना करून पाहावी. तिथे मूल उचलून संस्थेत ठेवले. येथे संस्था उचलून मुलाच्या अंगणात ठेवली.

बालशिक्षणात निवड आली तरी बालवाङ्मयात ती यायला वेळ लागला. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले. त्यातल्या कळ्या तोडण्याच्या आणि पोहायला न जाण्याच्या प्रसंगांत निवड आणि परिणाम दोन्ही आहेत, आणि विशेष हे, की परिणाम नात्यातून उमटतो. बाहेरून आदळत नाही. आईला काय वाटले, हाच परिणाम. मराठी मुलाच्या मनात ते पुस्तक रुजले त्याचे हे एक कारण. मात्र श्यामला पोहायला पाठविताना आई त्याच्यापुढे पर्याय ठेवत नाही, हेही खरे; तिचे प्रेम निश्चयी आहे. दुसऱ्या बाजूस, शाळांच्या भिंतींवर स्वातंत्र्योत्तर काळात 'आदर्श बालका'चे रंगीत तक्ते आले: लवकर उठणारा, आईवडिलांना नमस्कार करणारा, रस्ता नीट ओलांडणारा मुलगा. त्या तक्त्यात चित्रे बरीच, पण मुलाला करण्यासारखे एकच. चुकण्याची जागाच चित्रकाराने ठेवलेली नव्हती.

ज्याला आज आपण चित्रपुस्तक म्हणतो, ते याहून निराळे. त्यात चित्र हे मजकुराची सजावट नसते. चित्र आणि शब्द मिळून गोष्ट सांगतात, आणि पुष्कळदा शब्द जे सांगत नाहीत ते चित्र सांगते. एझ्रा जॅक कीट्स यांच्या 'द स्नोई डे' या १९६२च्या पुस्तकातला लहानगा पीटर बर्फात दिवसभर खेळतो आणि उद्यासाठी म्हणून बर्फाचा एक गोळा खिशात ठेवून उबदार घरात जातो. झोपण्यापूर्वी तो खिसा चाचपतो, खिसा रिकामा. यावर लेखक कोणतेही भाष्य करीत नाही. निवड झाली, परिणाम झाला, मूल दुःखी झाले. सकाळी बाहेर पुन्हा बर्फ आहे. सोलापूरच्या मुलाला हिमवर्षाव ठाऊक नसेल, परंतु उन्हाळ्यात हातातल्या बर्फगोळ्याचे काय होते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक! मॉरिस सेंडाक यांच्या १९६३च्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'मधला मॅक्स दंगा करतो, उपाशी झोपण्याची शिक्षा भोगतो, मनाने राक्षसांच्या देशी जातो, आणि आपल्या इच्छेने परततो. तेव्हा खोलीत त्याचे जेवण वाट पाहत असते, गरम. परत येण्याची निवड त्याची होती. जेवण ठेवण्याची निवड दुसऱ्या कोणाची. परिणामांच्या साखळीत क्षमेलाही एक कडी असते, हे त्या अखेरच्या पानावाचून कसे सांगता आले असते?

येथे पान उलटण्याचे महत्त्व ध्यानात येईल. चित्रपुस्तकात कृती उजव्या पानावर असते आणि परिणाम पान उलटल्यावर. त्या दोहोंमध्ये कागदाची जाडी तेवढी असते; पण मोठ्या माणसाने तिथे बोट थांबवले, की तेवढ्या जागेत मूल आपला निर्णय करते. 'आता हा काय करील?' 'तू असतास तर?' आणि पान उलटल्यावर, 'दुसरे काही करता आले असते का?' वेताळाचा प्रश्न येथे परत येतो, पण डोके फुटण्याची धमकी न देता. शिवाय पुस्तक मागे उलटता येते. खऱ्या आयुष्यात आणि मोक्षपटावर जे शक्य नाही, ते चित्रपुस्तकात शक्य आहे: परिणाम पाहून पुन्हा निवडीच्या पानावर येता येते. मूल तेच पुस्तक पुनःपुन्हा मागते यामागे, आम्हांस वाटते, हाही एक आनंद असावा.

मराठीत या जातीचे लेखन आणि चित्रण एकत्र करणाऱ्यांत माधुरी पुरंदरे यांचे नाव आधी घ्यावे लागते. त्यांच्या मातोश्री निर्मला पुरंदरे यांनी १९८१ साली स्थापिलेल्या वनस्थळी या संस्थेने ग्रामीण स्त्रियांना बालवाडी-शिक्षिका म्हणून घडविले. मुलांसाठी लिहिणे आणि मुलांना शिकविणे यांतले अंतर त्या घराने मुळातच कमी केलेले होते. 'राधाचं घर' ही त्यांची छोटी पुस्तके पाहावीत. घरातली माणसे, त्यांच्या सवयी, त्यांचे रागलोभ. उपदेश औषधालाही नाही. २०१६ साली मुलांसाठीच्या लेखनाचा 'बिग लिट्ल बुक' पुरस्कार सुरू झाला, तेव्हा त्या पहिल्याच वर्षी तो त्यांना मिळाला. नॅशनल बुक ट्रस्ट, पुण्याचे ज्योत्स्ना प्रकाशन, २००४ साली सुरू झालेले प्रथम बुक्स यांच्यामुळे अल्प मोलाची मराठी चित्रपुस्तकेही आता मिळू लागली आहेत. पुस्तके नाहीत, ही सबब पूर्वीइतकी खरी उरलेली नाही. खरी अडचण आहे ती वाचून दाखविणाऱ्याची, आणि बसायला जागेची.

म्हणून पुन्हा चिंचोळीकडे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि राज्यभर 'औद्योगिक वसाहती' उभ्या राहिल्या. सोलापुरात 'वसाहत' या शब्दाला जुन्या कुंपणाची आठवण आहे. नव्या वसाहतीत कुंपण कारखान्याभोवती आहे, माणसांभोवती नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. परंतु लहान मुलाचा विचार येथे कोणी केला? १९४८च्या कारखाने अधिनियमाने, ठरावीक संख्येपेक्षा अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद केली होती. पाळणाघर म्हणजे मूल सांभाळण्याची खोली, एवढाच अर्थ बहुधा घेतला जातो. ती पहिली वाचनखोली होऊ शकते, हे कायद्याच्या कलमात लिहिलेले नसते. आणि सोलापुरात तर चित्रपुस्तकाला आणखी एक कारण आहे. या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू घराघरांत बोलल्या जातात; कारखान्यांच्या निमित्ताने परप्रांतीयांची हिंदीही आली. चार भाषांतली चार मुले एका चित्राभोवती बसतील, तेव्हा गोष्ट चौघांनाही एकदमच सुरू होते. अक्षरांच्या बाबतीत ती सोय नाही.

या मुलांना निवड आणि परिणाम शिकवताना रोझामंडच्या आईची चूक आपण करू नये, एवढे सांगून हा लेख आवरता घेऊ. बाप पाळीवर का गेला, खोली का बदलावी लागली, शाळा वर्षाच्या मध्येच का सुटली, या गोष्टी मुलाच्या निवडीचे परिणाम नव्हेत. जे मूल दुसऱ्यांच्या निर्णयांचे परिणाम रोज भोगते, त्याला प्रत्येक परिणामामागे तुझी करणी आहे असे सांगणे खोटे आहे, आणि मुलाला ते खोटे आहे हे कळते. चांगले चित्रपुस्तक त्याला दोन गोष्टी वेगळ्या करायला शिकवू शकेल: हे माझ्या हातचे होते, हे नव्हते. नीतिशिक्षणाचा पाया यातच आहे, असे आमचे मत आहे. कारण काय आपल्या हातचे नव्हते हे ज्याला कळले, त्यालाच जे हातचे आहे त्याची जबाबदारी घेता येते.

साहित्याच्या अध्यापकांनी, विशेषतः जे पुढे शिक्षक होणाऱ्यांना शिकवतात त्यांनी, एक लहान प्रयोग करून पाहावा. इसापनीतीतली एखादी गोष्ट घ्यावी, तात्पर्याची ओळ कागदाने झाकावी, आणि कावळ्याने तोंड उघडण्याच्या आधी थांबावे. मुले बोलू लागतील. ती जे बोलतील ते कदाचित छापलेल्या तात्पर्याशी जुळणार नाही. अशा वेळी विक्रमाच्या अखेरच्या रात्रीची आठवण ठेवून आपण थोडा वेळ गप्प राहावे.